महापुरातील कारखानदार : जॉन हेन्री पॅटर्सन

पूर, भूकंप, वादळ ही संकटे कोणाच्या दारी केव्हा येतील याचा नेम नाही. आपल्या ज्ञातीतील कितीतरी घरांत १२ जुलै १९६१ ची आठवण आजही निघते. त्या दिवशी पानशेतचे धरण फुटून पुण्याच्या पेठांत पाणी शिरले. पुढे १९६७ साली कोयनेचा भूकंप झाला, १९९३ साली किल्लारी उद्ध्वस्त झाली, २६ जुलै २००५ रोजी मुंबई पाण्यात गेली आणि २०१९ साली सांगली-कोल्हापूरच्या घराघरांतून पुराचे पाणी फिरले. अशा प्रत्येक प्रसंगी ज्ञातिसंस्था आपापल्या परीने निधी जमवितात, धान्य व कपडे पाठवितात, आणि ते योग्यच आहे. परंतु मनात एक प्रश्न नेहमी उभा राहतो. ज्यांच्यापाशी हजारो माणसे, यंत्रे, वाहने व गोदामे आहेत, त्या मोठमोठ्या कंपन्यांचे अशा वेळी कर्तव्य काय? केवळ एक रक्कम देऊन त्या मोकळ्या होऊ शकतात काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस एका परदेशी गृहस्थाचे चरित्र उपयोगी वाटले. हे गृहस्थ ना आपल्या ज्ञातीचे, ना आपल्या देशाचे. शिवाय त्यांचे सारेच चरित्र अनुकरणीय आहे असेही आम्ही म्हणत नाही. तरी आज आपल्या घरोघरची मुले-मुली मोठ्या कंपन्यांत जबाबदारीच्या जागांवर काम करीत आहेत. उद्या असा प्रसंग ओढवला तर निर्णय घेणाऱ्यांत त्यांपैकी काहीजण असतील. त्यांच्यासाठी म्हणून हे चरित्र आम्ही येथे देत आहोत.

जॉन हेन्री पॅटर्सन यांचा जन्म १३ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, डेटन शहरालगतच्या शेतवाडीवर झाला. आजोबा त्या प्रदेशात प्रथम येऊन वसलेल्या कुटुंबांपैकी होते. मुलांनी पहाटे उठून शेतावर राबावे अशी घरची शिस्त होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली त्यांनी अल्पकाळ सैन्यात चाकरी केली व १८६७ साली डार्टमथ महाविद्यालयाची पदवी घेतली. परंतु पदवीधर होऊन परतल्यावर नोकरी मिळाली ती कालव्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या नावांकडून जकात वसूल करण्याची. त्यानंतर भावांच्या जोडीने त्यांनी कोळशाचा व्यापार आरंभिला.

खाणीच्या गावी कामगारांसाठी त्यांनी एक दुकान चालविले होते. दुकानात गिऱ्हाईक भरपूर, तरी वर्षाअखेर हिशेबात तोटा! गल्ल्यातील पैसा वाटेतच कोठे तरी जिरत होता. याच सुमारास डेटन शहरी रोकड नोंदविणारे एक यंत्र तयार होते असे त्यांच्या ऐकण्यात आले. जेम्स रिटी नावाच्या मद्यालयाच्या मालकाने, आपले नोकर गल्ल्यात हात घालतात म्हणून, १८७९ साली हे यंत्र शोधून काढले होते. यालाच पुढे कॅश रजिस्टर म्हणू लागले. पॅटर्सन यांनी ही यंत्रे आणविली, आणि थोड्याच काळात दुकानाचा तोटा जाऊन नफा दिसू लागला.

१८८४ साली त्यांनी हे यंत्र बनविणारी लहानशी कंपनी ६,५०० डॉलरांस विकत घेतली. गावातील जाणकार त्यांस हसू लागले. तेव्हा त्यांचेही धैर्य खचले व सौदा मोडण्यासाठी २,००० डॉलर देण्याची तयारी त्यांनी दाखविली. विकणाऱ्याने ती नाकारली. मग निरुपाय म्हणून ते त्या धंद्यात उतरले आणि एकदा उतरल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले नाही. कंपनीस नॅशनल कॅश रजिस्टर कंपनी असे नाव दिले. १८८८ साली घराण्याच्या शेतजमिनीवर त्यांनी कारखान्याची पहिली इमारत उभारली. ही जमीन शहराच्या दक्षिणेस उंचवट्यावर होती. पुढील कथेत या उंचवट्याचे महत्त्व वाचकांच्या ध्यानी येईलच.

कारखानदार म्हणून पॅटर्सन यांची कीर्ती वेगळ्याच कारणाने झाली. १८९४ च्या सुमारास सदोष निघालेली सुमारे ५०,००० डॉलरांची यंत्रे परदेशातून परत आली. संतापून कामगारांस दोष देण्याऐवजी त्यांनी आपले टेबलच कारखान्याच्या मधोमध नेऊन मांडले. अंधारी, कोंदट जागा, अस्वच्छता आणि थंड शिदोरी त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. अशा परिस्थितीत चांगले काम होणार तरी कसे? त्यांनी भिंतींच्या जागी मोठमोठ्या काचा बसविल्या, गरम जेवणाची सोय केली, दवाखाना काढला, स्नानगृहे बांधली, कामगारांच्या मुलांसाठी बालवर्ग व बागा सुरू केल्या. हा धर्मादाय नव्हे, याने धंद्याचाच लाभ होतो, असे ते उघडपणे सांगत. १९११ साली कंपनीचे दहा लाखावे यंत्र विकले गेले. अमेरिकेतील या यंत्रांचा नव्वद टक्क्यांहून अधिक व्यापार तिच्या हाती होता.

येथे चरित्राची दुसरी बाजू सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. एवढा व्यापार केवळ गुणांवर हाती आला नव्हता. प्रतिस्पर्ध्यांस बाजारातून उठविण्यासाठी कंपनीने एक स्वतंत्र विभागच ठेवला होता. त्याची कृत्ये सभ्य व्यापाराच्या मर्यादेत बसणारी नव्हती. सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला आणि फेब्रुवारी १९१३ मध्ये सिनसिनाटी येथील न्यायालयाने पॅटर्सन यांस एक वर्षाची कैद व ५,००० डॉलर दंड अशी शिक्षा ठोठावली. त्यांच्यासोबत कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांसही शिक्षा झाल्या. अपील दाखल करून ते जामिनावर घरी आले होते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, साऱ्या देशात नाचक्की झाली असता, पुढच्याच महिन्यात डेटनवर महापूर आला.

डेटन शहर नद्यांच्या संगमावर वसले आहे. ग्रेट मायामी नदीस तेथे स्टिलवॉटर व मॅड या नद्या आणि वुल्फ क्रीक हा ओढा येऊन मिळतात. पूर त्या शहरास नवा नव्हता. म्हणून नदीकाठी मातीचे बांध घातलेले होते, व त्यांच्या भरवशावर लोक निर्धास्त होते. २३ मार्च १९१३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, पाऊस सुरू झाला. हिवाळ्याने आधीच भिजलेल्या जमिनीत पाणी मुरेना. मंगळवार, २५ मार्चच्या पहाटे पॅटर्सन स्वतः नदीकाठी जाऊन बांध पाहून आले. बांध टिकणार नाहीत अशी त्यांची खात्री झाली. शहर अद्याप झोपेतून पुरते जागेही झाले नव्हते.

कारखान्यात परतताच त्यांनी अधिकाऱ्यांची सभा बोलाविली. त्या क्षणापासून यंत्रे बनविण्याचे काम बंद राहील आणि कंपनीची सारी शक्ती नागरिकांच्या साह्यास लागेल असे त्यांनी जाहीर केले. प्रत्येक खात्याच्या प्रमुखास त्याच्या खात्याला साजेसे काम त्यांनी तेथल्या तेथे वाटून दिले. सुतारखात्याने होड्या बांधावयाच्या. स्वयंपाकघराने पाव व सूप तयार करावयाचे. दवाखान्याने खाटा मांडावयाच्या. गाद्या, पांघरुणे, औषधे व धान्य मिळेल तेथून आणावयाचे. हे सर्व चालले असताना शहरात पाणी शिरले नव्हते, हे लक्षात ठेवावे. सकाळी आठच्या सुमारास बांध फुटले, आणि शहराच्या मध्यभागी काही ठिकाणी वीस फुटांपर्यंत पाणी चढले.

त्यानंतरचे दिवस डेटनच्या इतिहासात काळे ठरले. माणसे माळ्यांवर व छपरांवर जाऊन बसली. गॅसच्या नळ्या फुटून आगी लागल्या, आणि चहूकडे पाणी असूनही त्या विझविता येईनात. ३६० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली व सुमारे ६५ हजार लोक बेघर झाले. विमानाचे जनक राइट बंधू याच गावचे. त्यांच्या घरातही पाणी शिरले, आणि १९०३ च्या पहिल्या उड्डाणाच्या छायाचित्रांच्या मूळ काचांस त्या पाण्याची झळ पोचली. त्या काचांवरील डाग आजही दिसतात.

अशा वेळी उंचवट्यावरचा तो कारखाना मात्र कोरडा होता. त्याचे वीजघर स्वतःचे, विहिरी स्वतःच्या. त्यामुळे शहर अंधारात बुडाले असता तेथे दिवे लागले आणि पिण्यास शुद्ध पाणी मिळाले. सुतारखात्याने सपाट तळाच्या सुमारे तीनशे होड्या बांधल्या. होड्या चालविण्यास कंपनीचेच लोक पुढे आले. छपरांवरून उतरविलेल्या माणसांस कारखान्यात आणून कोरडे कपडे, गरम अन्न व झोपावयास जागा मिळू लागली. कचेरीचे रुग्णालय झाले, एका भागात शवागार करावे लागले, आणि मोकळ्या मैदानात तंबूंची वसाहत उभी राहिली. रेडक्रॉस व राज्याचे सैनिकदल यांनी आपली ठाणी येथेच मांडली. गावच्या वर्तमानपत्राचा छापखाना बुडाला होता. त्याचा अंक कंपनीच्या छापखान्यात निघाला. त्यायोगे कोण जिवंत आहे, कोण कोठे आहे, अन्न कोठे मिळते, ही वार्ता लोकांस कळू लागली. न्यूयॉर्कमध्ये असलेले कंपनीचे अधिकारी थॉमस वॉटसन यांनी तेथून आगगाड्या भरून सामान रवाना केले. हेच वॉटसन पुढे आयबीएम कंपनीचे प्रमुख म्हणून जगप्रसिद्ध झाले. त्या वेळी मात्र पॅटर्सन यांच्याबरोबर शिक्षा झालेल्यांत त्यांचेही नाव होते.

या साऱ्या कामात एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. पॅटर्सन यांनी दिलेल्या पैशांचे मोल आहेच. पण त्या मंगळवारी सकाळी डेटनमध्ये पैशाने काय विकत मिळणार होते? दुकाने पाण्याखाली, पूल वाहून गेलेले, रेल्वे बंद. त्या घटकेस उपयोगी पडली ती कंपनीची रोजची कामे. ज्या स्वयंपाकघरात रोज हजारो कामगारांचे जेवण होत असे तेच लोकांस जेवू घालू शकले. ज्या दवाखान्यात रोज कामगारांची शुश्रूषा होत असे तोच रुग्णालय होऊ शकला. कामगारांसाठी वीस वर्षे केलेल्या सोयी साऱ्या शहराच्या उपयोगी पडल्या. संकटाच्या दिवशी नव्याने काही उभारता येत नाही. आधी जे असेल तेच कामी येते. आणि आपल्यापाशी काय आहे व ते कोण सांभाळतो हे ज्यास नेमके ठाऊक असते, तोच ते तासाभरात लोकांच्या सेवेस लावू शकतो.

दुसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. हे काम पॅटर्सन यांनी कंपनीच्या नावाने केले नाही. त्यासाठी नागरिकांची साह्य समिती स्थापन झाली, आणि कंपनी तिचे अंग म्हणून राबली. ते स्वतः समितीचे प्रमुख होते हे खरे. तथापि ही समिती साऱ्या गावाची म्हणून ओळखली गेली. गावच्या इतर व्यापाऱ्यांस, डॉक्टरांस व स्वयंसेवकांस तीत मानाने सामील होता आले.

पूर ओसरला. चिखल उपसणे, मेलेली जनावरे हलविणे, रोगराई रोखणे ही कामे पार पडली. सर्वसाधारणतः येथे साह्याची कथा संपते. वर्गणी देणारे घरी जातात, वर्तमानपत्रे दुसऱ्या विषयाकडे वळतात, आणि पूरग्रस्त आपापल्या भिंती सारवीत बसतात. पुढच्या पुरात पुन्हा तेच. डेटनमध्ये असे झाले नाही. माळ्यावर जीव मुठीत धरून बसले असता प्रत्येकाने मनाशी जे ठरविले होते त्याची आठवण देऊन पॅटर्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी निधी उभा करण्यास प्रारंभ केला. पुराने घर धुऊन नेलेल्या त्या गावाने थोड्याच दिवसांत २० लाख डॉलरांहून अधिक रकमेची वचने दिली. हा निधी पुढचा पूर रोखण्यासाठी होता.

आर्थर मॉर्गन नावाच्या तरुण अभियंत्यास पाचारण करण्यात आले. मॉर्गन यांनी घाईने बांध उंच करण्याचा सल्ला दिला नाही. त्यांनी साऱ्या खोऱ्याचा अभ्यास केला, जुन्या पुरांच्या नोंदी तपासल्या, आणि खोऱ्यात पाच कोरडी धरणे बांधावी अशी योजना मांडली. कोरडी म्हणण्याचे कारण असे की, एरवी त्यांत पाणी साठवीत नाहीत. तळाशी ठरावीक मापाचे मार्ग ठेवलेले असतात व त्यांना दारे नसतात. नदी त्यांतून नेहमीप्रमाणे वाहते आणि मागच्या जमिनीत शेती चालते. महापूर आला म्हणजे मात्र त्या मार्गांत मावणार नाही तेवढे पाणी मागे तुंबते व सावकाश उतरते. १९१३ च्या पुराहून चाळीस टक्के अधिक पाणी आले तरी शहर सुरक्षित राहावे, असा हिशेब धरण्यात आला.

एवढे काम एका गावाचे नव्हते, एका कंपनीचे तर नव्हतेच. त्यासाठी १९१४ साली ओहायो राज्यात नवा कायदा झाला आणि १९१५ साली मायामी खोऱ्याची संरक्षण संस्था कायद्याने स्थापन झाली. तिच्या कामात पॅटर्सन यांच्या कंपनीत अधिकारी राहिलेले एडवर्ड डीड्स अग्रणी होते. वरच्या भागातील शेतकऱ्यांनी जोरदार विरोध केला, आणि त्यांची बाजू अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. शहर वाचविण्यासाठी आपल्या शेतांत पाणी का तुंबवावे, हा त्यांचा सवाल होता. न्यायालयांत त्यांचे म्हणणे ऐकले गेले. अखेर योजना मान्य झाली. खर्चाचा भार, ज्यांच्या मालमत्तेस संरक्षण मिळणार होते त्यांच्यावरच, लाभाच्या प्रमाणात बसविण्यात आला. १९१८ साली बांधकाम सुरू होऊन १९२२ साली पाचही धरणे पुरी झाली. १९३७ साली ओहायो नदीच्या काठची कितीतरी गावे बुडाली. १९५९ च्या जानेवारीत मायामी खोऱ्यातही मोठा पूर आला. दोन्ही वेळा डेटन सुरक्षित राहिले.

महापुरानंतर पॅटर्सन यांच्या नावाचा देशभर जयजयकार झाला. शिक्षा माफ करावी म्हणून राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्याकडे विनंत्या जाऊ लागल्या. पॅटर्सन यांनी स्वतःच माफी नको असे कळविले. आपण गुन्हा केलेला नाही, तेव्हा न्यायालयातच निर्णय व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. १९१५ साली वरिष्ठ न्यायालयाने खालच्या न्यायालयाचा निकाल रद्द केला व कैद टळली.

यावरून पूर्वीची सारी कृत्ये धुऊन निघाली असे आम्ही समजत नाही. ज्या लहान कारखानदारांचे धंदे बुडविले गेले, त्यांस डेटनच्या होड्यांचा काय उपयोग? वृत्तीने ते अखेरपर्यंत हट्टी राहिले. मर्जी फिरली की मोठमोठ्या अधिकाऱ्यांस ते तडकाफडकी घरी पाठवीत. वॉटसन यांनाही त्यांनी असेच दूर केले. पुरात वाचलेल्या हजारोंचे प्राण हेही सत्य, आणि न्यायालयापुढे आलेली कृत्ये हेही तितकेच सत्य. एकाने दुसरे पुसले जात नाही. आपत्तीच्या वेळी साह्य करणाऱ्या कंपनीचे आभार अवश्य मानावेत. तथापि तिच्या रोजच्या व्यवहाराचा जाब विचारण्याचा समाजाचा अधिकार त्यामुळे संपत नाही, हे आपण विसरू नये.

पुरातच आणखी एका सुधारणेस बळ मिळाले. शहराचा कारभार पक्षोपपक्षांच्या हाती न राहता तज्ज्ञ व्यवस्थापकाकडे असावा, असे पॅटर्सन बरीच वर्षे सांगत आले होते. १९१३ साली नागरिकांनी तशी घटना स्वीकारली, आणि १९१४ पासून ही पद्धत अवलंबणारे डेटन हे अमेरिकेतील पहिले मोठे शहर ठरले.

७ मे १९२२ रोजी आगगाडीच्या प्रवासात पॅटर्सन यांचे निधन झाले. त्याच वर्षी धरणांचे काम पुरे व्हावे हा योग मोठा विलक्षण होय.

आता आपल्याकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये आपल्या देशातील ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करणे अपेक्षित आहे. २०१९ साली त्या कार्यांच्या यादीत आपत्ती निवारण, मदत, पुनर्वसन व पुनर्बांधणी यांचा स्पष्ट समावेश झाला. म्हणजे पैशाची वाट कायद्याने मोकळी केली आहे. परंतु होडी कोणी बांधावयाची, विहिरीचे पाणी कोणी द्यावयाचे, हे कायदा सांगू शकत नाही. ते आधी ठरविले पाहिजे. आपल्या कारखान्याचे वीजघर, वाहने, गोदाम, स्वयंपाकघर व दवाखाना संकटाच्या पहिल्या दिवशी कोणाच्या हुकुमाने लोकांसाठी खुले होतील? गावचे अधिकारी, ग्रामपंचायत, इतर संस्था यांच्याशी आपला आधीपासून परिचय आहे काय? आणि पाणी ओसरल्यावर, पुढचा पूर टाळण्याच्या कामात आपण किती वर्षे राहणार? आपल्या ज्या मुला-मुलींच्या सहीला कंपनीत वजन आहे, त्यांनी हे प्रश्न आजच, कोरड्या दिवसांत, आपल्या वरिष्ठांपुढे मांडावेत, अशी आमची त्यांना विनंती आहे.

हेच प्रश्न आपल्या संस्थेसही लागू आहेत. ज्ञातीचे सभागृह, वसतिगृह व भांडारातील मोठी भांडी ही आपली लहानशी शक्ती होय. संकटाच्या दिवशी तिची दारे उघडताना येणाऱ्याचे आडनाव विचारले जाऊ नये. डेटनच्या छपरांवरून माणसे उतरविताना होडीवाल्याने प्रथम हात पुढे केला, नाव मागाहून विचारले. एवढे आपल्या हातून घडले, तर हे परदेशी चरित्र येथे छापल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.